ढोलकीवाल्याचे नाव काय?



माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, आई सांगत होती, तू तरुणपणी इंग्रजी गाण्यांचा वेडा होतास. मला ऐकायला काहीतरी सांग ना. हिप-हॉप आणि इंडी रॉक. बाकीचं काही नको." मी म्हटले, "वहीत लिहून घे." त्यावर तो हसला. त्याच्या पिढीला वही लागत नाही. बोट फिरवले की जगातले संगीत मोबाइलवर हजर होते. मग त्याने मामाला का विचारावे? त्या प्रश्नाचा विचार करताना मला माझी एक जुनी कॅसेट आठवली, आणि आजचे बोलणे तिथूनच सुरू करतो.

१९९३ साली मी पुण्यात वसतिगृहात राहत होतो. खोलीतल्या मित्राचा मोठा भाऊ अमेरिकेत शिकत होता. त्याने एक भरलेली कॅसेट पाठवली. मित्राला ती आवडली नाही, म्हणून माझ्याकडे आली. नव्वद मिनिटांची साधी कॅसेट. एका बाजूला बोलल्यासारखे गाणारी दोन माणसे आणि त्यांच्या शब्दांखाली संथपणे चालणारा, पोटात घुमणारा बास. त्या बाजूचे शेवटचे गाणे टेप संपल्यामुळे अर्ध्यातच तुटलेले. दुसऱ्या बाजूला खरखरीत गिटार आणि सूर लागला काय, न लागला काय, याची फिकीर नसलेला एक गळा. कॅसेटच्या कागदावर फक्त 'ए' आणि 'बी'. गायकाचे नाव नाही, गाण्यांची यादी नाही.

ती कॅसेट मी सहा वर्षे ऐकली. कुणाची ते माहीत नव्हते. १९९९ साली मुंबईत एका परिचिताकडे तोच बास कानावर पडला आणि मी उडालोच. पाकिटावर नाव होते 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' आणि अल्बम होता १९९१ सालचा 'द लो एंड थिअरी'. 'बी' बाजू कळायला आणखी चार वर्षे गेली. तो 'पेव्हमेंट' या बँडचा १९९२ सालचा 'स्लँटेड अँड एन्चँटेड' होता. त्या मित्राच्या भावाचा मला तेव्हा राग आला. इतके चांगले ऐकवलेस बाबा, पण दोन नावे लिहायला काय झाले होते? हा राग पुढे माझ्याच अंगावर उलटला. ते शेवटी सांगतो.

आधी हे संगीत आले कुठून ते पाहू.

ब्रॉन्क्स हा न्यूयॉर्क शहराचा उत्तरेकडचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मधोमध एक मोठा महामार्ग काढला गेला आणि हजारो कुटुंबे उठली. सत्तरच्या दशकात तिथल्या अनेक इमारती मालकांनी वाऱ्यावर सोडल्या, कित्येक जळाल्या. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने नाचाचा कार्यक्रम ठेवला. कारण अगदी घरगुती होते. शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. हे कुटुंब जमैकाहून आलेले. क्लाइव्हला जग पुढे 'डीजे कूल हर्क' म्हणून ओळखू लागले आणि तो दिवस हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जाऊ लागला.

हर्कने काय केले ते आपल्याला समजायला मुळीच अवघड नाही. लावणीच्या बैठकीत गायिका एका जागी थांबते आणि ढोलकीवाला बोलू लागतो. त्या चार क्षणांत सगळी बैठक सरसावून बसते. अमेरिकेच्या फंक संगीतातही गाण्याच्या मध्ये अशी एक जागा येते. गायक, वाद्ये सगळी गप्प होतात आणि नुसता ड्रम वाजतो. तिला 'ब्रेक' म्हणतात. हर्कच्या लक्षात आले की नाचणारी मुले त्या ब्रेकचीच वाट पाहतात. पण तो पाच-दहा सेकंदांत संपतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू. तोवर पहिली मागे फिरवून तयार. ढोलकी थांबायलाच नको! पुढे हे कार्यक्रम रस्त्यावर, बागेत होऊ लागले तेव्हा दिव्याच्या खांबावरून वीज ओढली जाई. आपल्याकडच्या एखाद्या गल्लीतल्या मंडळाला यात काही नवल वाटणार नाही.

त्या ढोलकीवर बोलणारी मुले आली आणि रॅप वाढला. रॅप करणारा स्वतःचे नाव गाण्यात गुंफतो. कुणी याला बढाई म्हणेल. मला त्यात आपली नाममुद्रा दिसते. अभंगाच्या शेवटी तुकोबांचे नाव येते, जनाबाईचे येते. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपली सही करतो. छापखाना नव्हता, हक्कांचे कायदे नव्हते, तेव्हा कवीचे नाव टिकवण्याची ती पक्की सोय होती.

ती किती पक्की असते, याचा एक किस्सा हिप-हॉपच्याच इतिहासात आहे. १९७९ साली न्यू जर्सीतल्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या 'शुगर हिल' कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली. साऱ्या जगात गाजलेले हे पहिले रॅप गाणे. ते म्हणणाऱ्या तिघांपैकी एक जण पिझ्झाच्या दुकानात काम करत होता. त्याने म्हटलेले शब्द त्याचे नव्हते, ते ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर काझ याच्या वहीतले होते. ते त्याने जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे की काझने आपल्या नावाची जी अक्षरे ओळीत ओवली होती, तीही तशीच राहिली. काझचे नाव तबकडीवर छापले गेले नाही, पण ते गाण्याच्या आत आजही ऐकू येते.

पण शब्दवाल्याला निदान तोंड आहे. ढोलकीवाल्याचे काय? त्याची नाममुद्रा कुठे?

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडची एक तबकडी आली. तिच्या मागच्या बाजूला भरतीचे म्हणून 'आमेन, ब्रदर' हे गाणे होते. त्यात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा सेकंदांचा ब्रेक वाजवला. ऐंशीच्या दशकात जुन्या तबकडीतला तुकडा कापून नव्या गाण्यात बसवण्याची यंत्रे आली. त्या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात. हे सहा सेकंद मग हजारो गाण्यांत गेले, समुद्र ओलांडून इंग्लंडच्या नाचगाण्यांचा पाया झाले. कोलमनला त्यातले काही मिळाले नाही. २००६ साली तो अटलांटात वारला, तेव्हा त्याला राहायला घर नव्हते. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले. तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० सालच्या तबकडीवरचा क्लाइड स्टबलफील्ड हाही असाच. त्याचा ठेका असंख्य रॅप गाण्यांत आहे. गीतकार-संगीतकारांच्या नावांत तो कधीच नव्हता. मुलाखतींत तो सांगे की आपल्याला पैशांपेक्षा नाव हवे होते. २०१७ साली तो गेला.

याचा अर्थ सॅम्पल घेणारे सगळे चोर, असा नाही. ऐकून घेतले पाहिजे ते हेच. 'डी ला सोल' या तिघांनी १९८९ साली 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा अल्बम केला, तो माझी पहिली शिफारस. आजीच्या गोधडीत प्रत्येक साडीचा तुकडा ओळखू येतो आणि तरी गोधडी आजीचीच असते, तसा हा अल्बम आहे. खोडकर, रंगीत, हसरा. त्यातल्या एका तुकड्यावरून 'द टर्टल्स' या जुन्या बँडने दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. जुन्या करारांच्या आणि परवानग्यांच्या गुंत्यामुळे पुढे हा अल्बम इंटरनेटवरच्या अधिकृत सेवांवर येऊच शकला नाही. तो ३ मार्च २०२३ रोजी आला. तिघांपैकी डेव्हिड जोलिकर तीनच आठवडे आधी वारला होता. नावे वेळेवर लिहिली नाहीत की सगळ्यांचेच नुकसान होते. घेणाऱ्याचेही.

दुसरी शिफारस माझ्या कॅसेटची 'ए' बाजू, 'द लो एंड थिअरी'. नावातच खर्जाचा उल्लेख आहे. त्यातल्या एका गाण्यात रॉन कार्टर यांचा बास आहे, तेच कार्टर जे साठच्या दशकात माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत. इथे तुकडा न कापता खुद्द माणसालाच बोलावले आणि त्याचे नाव गाण्यात घेतले. रात्री दिवा मालवून ऐका.

तिसरी शिफारस नॅस याचा १९९४ सालचा 'इलमॅटिक'. चाळीस मिनिटांहून कमी. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला विशीचा मुलगा खिडकीतून दिसणारे जग सांगतो. शब्द कळले नाहीत तरी एका जागी कान द्या. तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस कॉर्नेट हे पितळी वाद्य वाजते. ते वाजवणारे ओलू दारा म्हणजे नॅसचे वडील. मुलाच्या तबकडीवर बापाचा श्वास आहे.

आता 'बी' बाजू. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मुळात हे सुराचे नाव नाही, व्यवहाराचे आहे. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःच तबकडी काढायची. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने नातेवाइकांकडून, मित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी काढली. पहिल्या एक हजार प्रती हातोहात संपल्या. मला भावते ती तिच्या पाकिटावरची गोष्ट. कोणते गाणे कितव्या वेळी मनासारखे उतरले, हे त्यांनी छापून टाकले. त्यात गुपित असे काही नव्हते. आम्ही केले, तुम्हीही करू शकता, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे पदरमोड करून नियतकालिके चालवणाऱ्यांनी कागदाचा आणि छपाईचा हिशेब वाचकांपुढे मांडला, त्यातलाच हा प्रकार.

चौथी शिफारस 'फुगाझी' यांचा १९९० सालचा 'रिपीटर'. विन्स्टन्स ज्या वॉशिंग्टन शहराचे, त्याच शहराचा हा बँड. यांची कंपनी 'डिस्कॉर्ड' त्यांच्यातल्याच इयन मकाय याने एका मित्राबरोबर १९८० साली सुरू केलेली. कार्यक्रमाचे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचे आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत सोडायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाळले. संगीत कर्कश वाटेल. पण आवाज चढला तरी ताल कुठे सुटत नाही, हे दुसऱ्यांदा ऐकताना कळते.

पाचवी शिफारस पेव्हमेंटचा 'स्लँटेड अँड एन्चँटेड'. तो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी, बँडचा ड्रमर गॅरी यंग याच्या घरातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे इथे ढोलकीवालाच यजमान! आणि ज्यांना हे फारच खरखरीत वाटेल त्यांच्यासाठी सहावी शिफारस, 'यो ला टेंगो' यांचा १९९७ सालचा 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अॅज वन'. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली हे नवरा-बायको, आणि त्यांचा मित्र जेम्स मॅकन्यू. हबली ड्रम वाजवतात आणि गातातही. घरातली माणसे रात्री हळू आवाजात बोलतात, तशी यातली काही गाणी आहेत.

या दोन्ही बाजूंना, हिप-हॉपला आणि इंडी रॉकला, आपल्या घरातल्या दोन आवाजांनी स्पर्श केला आहे. गंमत म्हणजे ते आवाज सख्ख्या बहिणींचे आहेत.

सांगलीत जन्मलेल्या आशाताई. इंग्लंडमधल्या 'कॉर्नरशॉप' या इंडी बँडचा तजिंदर सिंग हा पंजाबी आईबापांचा मुलगा. त्याने १९९७ साली 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे केले. घरातल्या जुन्या तबकड्यांची, पार्श्वगायिकांची आठवण. नॉर्मन कुकने त्याचा ताल वाढवला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ज्यांनी हिंदी चित्रपट कधी पाहिला नव्हता अशी मुले आशाचे नाव घेऊन नाचत होती. त्यात आशाताईंचा आवाज नाही, फक्त नाव आहे.

लतादीदींच्या बाबतीत उलटे झाले. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'अॅडिक्टिव्ह' अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचले. त्याच्या मुळाशी दीदींचा आवाज होता, 'ज्योती' या १९८१ सालच्या चित्रपटातले, बप्पी लाहिरी यांनी बांधलेले गाणे. तबकडीवर मूळ गाण्याचे श्रेय नव्हते. प्रकरण कोर्टात गेले आणि श्रेय दिल्याशिवाय विक्री नको, असा अंतरिम आदेश निघाला. पुढे हक्क लाहिरींकडे नव्हतेच, असे ठरून त्यांचा दावा टिकला नाही. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. इथे आवाज होता, नाव नव्हते.

आणि हे दीदींच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडत होते. १९४९ साली 'महल' मधले 'आएगा आनेवाला' गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी' असे नाव छापलेले होते. ही कोण गाते, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी रेडिओला पाठवली, रेडिओने कंपनीला विचारले आणि लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. श्रोतेहो, ते नाव श्रोत्यांनी विचारून मिळवले. त्या काळातल्या पत्र लिहिणाऱ्यांचा मला फार आदर वाटतो.

आता माझ्या अंगावर उलटलेल्या रागाची गोष्ट.

माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. १९९६ साली मी तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून एक कॅसेट भरली. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. दिवाळीत भाच्याने ती कॅसेट कपाटातून शोधली, संगणकावर घेतली, आजीच्या आवाजाखाली ताल घातला, मध्ये स्वतःचे चार मराठी शब्द म्हटले आणि मित्रांना पाठवले. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मग नाव पाहिले. फक्त त्याचे होते. मी चिडलो. काझपासून कोलमनपर्यंत सगळा इतिहास त्याला ऐकवला. तो गप्प बसून राहिला आणि मग त्याने कॅसेटची डबी माझ्या हातात दिली. "मामा, मला आजीच्या ओव्या म्हणून ठाऊक होत्या. पण तू तरी कुठं लिहिलंयस?"

डबीवर माझ्याच अक्षरात होते, 'ओव्या – बाजू अ'. आईचे नाव नाही. गाव नाही. साल नाही. वसतिगृहातल्या मित्राच्या भावाने जे केले होते तेच मी माझ्या आईच्या आवाजाचे केले होते.

महाराष्ट्रात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले आहे. मला एका कॅसेटवर एका बाईचे नाव लिहिता आले नव्हते.

आम्ही दोघांनी ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून ऐकली. एका ठिकाणी ओवी संपते आणि माझा तरुण आवाज विचारतो, "आई, ही कुणाची?" आई म्हणते, "माझ्या आत्याची. तिला तिच्या सासूनं दिली." भाच्याने हा भाग 'नुसते बोलणे' म्हणून कापला होता. त्याने तो परत जोडला, गाण्याच्या अगदी सुरुवातीला. मग ताल सुरू होतो. नावांच्या जागी आता आजीचे नाव, तिचे गाव आणि खाली 'तिची आत्या, आत्याची सासू' असे आहे. त्या दोघींची नावे आम्हाला कुणी सांगू शकले नाही.

भाच्याने मामाला का विचारले, याचे उत्तर मला वाटते इथे आहे. गाणे मोबाइल देतो. ते कुणाकडून आले आणि कुणाचे राहून गेले, हे माणूस माणसाला सांगतो. या सहांपैकी काहीही ऐका, आवडले तर पुढे द्या. देताना तेवढे पाकीट उलटून बघा, ड्रमवर कोण आहे ते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)